गोदामात किती माल मावतो?

वाचकाचं पत्र

«गेली दोन वर्षं मी एक बोर्ड गेम तयार करते आहे. बंदराचा खेळ आहे. जहाजं येतात, माल उतरतो, तो गोदामात ठेवायचा आणि भाव आला की विकायचा. दोन ते चार भिडू, तासाभराचा डाव. खेळ आवडला असं लोक आपणहून सांगतात, पण पहिला अर्धा तास नुसत्या प्रश्नांत जातो. नियमपुस्तिका तीनदा नव्यानं लिहिली, आता ती २२ पानांची झाली आहे, तरी प्रश्न तेच. गेल्या चार डावांतले सगळे प्रश्न वहीत उतरवले, ते फोटोंसह पाठवते आहे. 'गोदामात किती माल मावतो?', 'हे कार्ड कितीला?', 'या चिन्हाचा अर्थ काय?', 'हिरवा ठोकळा म्हणजे तेल, की हिरव्या भिडूचा?' आणि फेरीच्या शेवटी धक्क्याचं भाडं भरायला तर सगळेच विसरतात. आता नियम समजावणारा व्हिडिओ करावा असं मनात आहे. की माझा खेळच अवघड आहे?»

नमस्कार,

तुमची वही मी दोनदा वाचली. डाव संपल्यावर बहुतेक जण "आवडला का?" एवढंच विचारतात. तुम्ही लोकांचे प्रश्न जसेच्या तसे टिपून ठेवलेत, त्यामुळे मला उत्तर देणं सोपं झालं.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. तुमचा खेळ अवघड आहे असं मला अजिबात वाटत नाही. खेळ अवघड असला की भिडू माल विकावा की अजून थांबावं यावर डोकं खाजवत बसतो. तुमच्या भिडूंना तिथवर पोचताच येत नाही. हातात ठोकळा धरून ते तो ठेवायचा कुठे हे शोधत राहतात.

व्हिडिओ आत्ता नको. तो डावाआधी एकदा बघितला जातो आणि प्रश्न पडतो चाळिसाव्या मिनिटाला. त्या क्षणी भिडूचे डोळे पटावर असतात, बोटं सोंगटीवर असतात, आणि उत्तर मात्र पान १४ वर. ते उत्तर पान १४ वरून उचलून बोटांखाली आणायचं आहे. सापशिडी कोण वाचून शिकतं? शिडी चढायची आणि सापाच्या तोंडी गेलं की घसरायचं, हे चित्रच सांगतं. तुमचा खेळ सापशिडीपेक्षा कितीतरी दाट आहे, पण कसोटी हीच लावा.

तुमच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलाय तो गोदामाचा प्रश्न. पुस्तिकेतला तुमचा नियम असा: एक गोदाम असेल तर त्यात ३ ठोकळे मावतात, दोन असतील तर प्रत्येकात ४, तीन असतील तर प्रत्येकात ५. म्हणजे नवं गोदाम बांधलं की जुन्याची क्षमताही बदलते. कार्डावर मात्र छापलंय '३'. दुसरं गोदाम बांधताक्षणी तो आकडा खोटा ठरतो, आणि एकदा छापील आकडा खोटा निघाला की भिडू पुढे कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवत नाही. म्हणून तो पुन्हा पुन्हा विचारतो. चूक त्याची नाही.

आता बेरीज करून बघा. एका गोदामात ३, दोघांत मिळून ८, तिघांत मिळून १५. म्हणजे पहिलं गोदाम ३ जागा देतं, दुसरं ५ जागांची भर घालतं, तिसरं ७ जागांची. तुमचा अख्खा नियम ३, ५, ७ एवढ्यात बसतो, आणि कुठल्या गोदामात कुठला माल ठेवायचा यावर तुमचं बंधन नसल्यामुळे खेळात तसूभर फरक पडत नाही. प्रत्येक भिडूच्या पाटीवर, म्हणजे त्याच्यासमोरच्या छोट्या पटावर, चौकोनांच्या तीन ओळी छापा: ३ चौकोनांची, ५ ची, ७ ची. प्रत्येक ओळीवर लाकडाचं एक लांबट गोदाम झाकणासारखं ठेवा. गोदाम बांधायचं म्हणजे ते पाटीवरून उचलून बंदरात ठेवायचं, आणि उचललं की खालचे चौकोन उघडे. किती मावतं? जितके चौकोन रिकामे दिसतात तितकं. विचारायला काही उरतच नाही.

ही युक्ती माझी नव्हे. 'टेरा मिस्टिका' या २०१२ च्या खेळात इमारती भिडूच्या पाटीवर मांडलेल्या असतात, आणि इमारत नकाशावर गेली की तिच्याखाली छापलेलं उत्पन्न दिसू लागतं. त्या खेळाचे नियम भरपूर आहेत, पण 'मला या फेरीत किती मिळणार?' याचं उत्तर पाटीकडे बघून मोजता येतं. वस्तू उचलण्याची क्रिया आणि तिचा परिणाम एकाच जागी घडतो, म्हणून तो लक्षात ठेवावा लागत नाही.

चौकोन आखताना एक काळजी घ्या. तुमचे ठोकळे ८ मिलिमीटरचे आहेत, पण चौकोन ८ चा आखू नका. १० किंवा ११ चा ठेवा. नेमक्या मापाच्या चौकोनात ठोकळा बसवायला चिमटीनं नेम धरावा लागतो आणि शेजारचे दोन हलतात. शिवाय चौकोनाची कड ठोकळ्याभोवती दिसत राहिली, तर समोरच्या भिडूलाही तुमच्या गोदामात किती जागा उरली ते तिकडून कळतं. बाजारभावाच्या खेळात ही माहिती सगळ्यांना लागते. आज ती मिळवण्यासाठी त्यांना तुम्हालाच विचारावं लागतंय.

दुसरा प्रश्न, "हे कार्ड कितीला?" इथे मला माझा जुना अनुभव सांगायचाय. माझ्या एका खेळाच्या चाचणीत एक बाई प्रत्येक पाळीला तेच करत होत्या: हातातलं एक पान वर ओढायच्या, डोळ्यांजवळ न्यायच्या, परत खोचायच्या, मग पुढचं पान. मला वाटलं, अक्षर बारीक असेल. पुढच्या डावासाठी आकडा मोठा केला, तरी तेच. तिसऱ्या वेळी मी त्यांच्या शेजारी बसले तेव्हा दिसलं, की किंमत मी डाव्या खालच्या कोपऱ्यात छापली होती आणि पानं धरताना त्यांचा अंगठा नेमका तिथेच येत होता. कोणाचाही आला असता. टेबलावर सपाट पडलेलं कार्ड बघून मी ते बेतलं होतं, हातात धरून कधी बघितलंच नव्हतं.

साध्या पत्त्यांनी हा धडा फार आधी गिरवलाय. कोपऱ्यात आकडा आणि चिन्ह छापायची पद्धत रुळली ती एकोणिसाव्या शतकात. त्याआधी पान ओळखायचं म्हणजे त्यावरचे बदाम किंवा किलवर मोजायचे, आणि त्यासाठी पानं पसरून धरायची. कोपऱ्यात आकडा आला आणि तेरा पानं एका हातात पंख्यासारखी मावू लागली. राजा, राणी, गुलाम दुतोंडी झाले तेही अशाच कारणानं. एकतोंडी चित्र उलटं आलं की माणूस ते नकळत सुलटं करायचा, आणि समोरच्याला कळायचं की याच्याकडे चित्राचं पान आहे. पत्ता सुधारत गेला तो असा, हाताच्या सवयी बघून.

तुमच्या जहाजाच्या कार्डाचं काम दोनदा असतं. हातात असताना भिडूला हवी असते किंमत. ती डाव्या वरच्या कोपऱ्यात घ्या, उजव्या हातानं खेळणारे बहुतेक जण पंखा करतात तेव्हा तोच कोपरा उघडा राहतो. डावखुऱ्यांचा पंखा बऱ्याचदा उलट उघडतो, म्हणून जमल्यास उजव्या वरच्या कोपऱ्यातही तोच आकडा द्या. कार्ड टेबलावर गेलं की किंमत संपली. आता हवा असतो माल, आणि तो सगळ्यांना दिसायला हवा, म्हणून मालाची चित्रं मोठी आणि मध्यावर. तुम्ही या दोन्ही गोष्टी खालच्या एकाच पट्टीत दाटीवाटीनं बसवल्यात, आणि वरचा अर्धा भाग सूर्यास्ताला दिलाय. चित्र खरंच सुरेख आहे. ते ठेवा, पण त्याचे वरचे दोन कोपरे मागून घ्या.

आणि मजकुराबद्दल एक. ६३ बाय ८८ मिलिमीटरच्या कार्डावर देवनागरी छापताना इंग्रजी कार्डांची अक्षरमापं तशीच उचलू नका. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. बारीक मापात 'द्ध' आणि 'द्व' यांतला फरक नाहीसा होतो. मजकूर कमी करा आणि अक्षर मोठं घ्या.

आता चिन्हं. तुमच्या खेळात १९ आहेत. मी त्यांची वहीशी तुलना केली. त्यांतली सात चिन्हं अवघ्या एक-दोन कार्डांवर येतात, आणि चिन्हांबद्दलचे जवळजवळ सगळे प्रश्न त्या सातांबद्दलच आहेत. जे चिन्ह दहा मिनिटांत दहादा भेटतं ते डोळा शिकतो. तासात एकदा भेटणारं चिन्ह म्हणजे प्रत्येक वेळी नवं कोडं. ती सातही काढा आणि तिथे सरळ शब्दांत लिहा: 'शेजाऱ्याच्या गोदामातला एक ठोकळा घ्या.' चिन्हांमुळे खेळ भाषेच्या पलीकडे जातो हे मला मान्य आहे, पण ज्याचा अर्थ कुठल्याच भाषेत लागत नाही असं चिन्ह सगळ्यांनाच परकं.

उरलेल्या बारांना व्याकरण द्या. बाणाच्या डावीकडे जे द्यायचं ते, उजवीकडे जे मिळतं ते, आणि हे प्रत्येक कार्डावर, अपवाद न करता. सध्या तुमच्या बाजाराच्या कार्डावर बाण 'विका' असं सांगतो, जहाजाच्या कार्डावर 'पुढे न्या', आणि क्रेनच्या कार्डावर 'एकदाच वापरा'. तीन कार्डांवर तीन अर्थ.

चिन्ह हुबेहूब दिसायला हवं का, असंही तुम्ही एका कोपऱ्यात लिहिलंय. बुद्धिबळाकडे बघा. पटाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या मोहऱ्याला आपण हत्ती म्हणतो, आणि आज जगभर वापरल्या जाणाऱ्या स्टाँटन संचात तो दिसतो चक्क दगडी बुरूज. आपल्या उंटाला उंटाची मान नाही की पाठ नाही. तरी खेळताना एकही पोर हत्ती आणि उंटात गोंधळत नाही. कारण सहाही मोहऱ्यांची बाह्याकृती एकमेकींपासून वेगळी आहे: कोणाची कड दातेरी, कोणाचं डोकं चिरलेलं, कोणाचा मुकुट. हा संच १८४९ मध्ये विक्रीला आला. त्याआधी निरनिराळ्या घडणीचे संच चालायचे आणि परक्या संचावर खेळताना वजीर कुठला, उंट कुठला असा घोळ व्हायचा. तेव्हा तुमची क्रेन खऱ्या क्रेनसारखी नसली तरी चालेल, पण ती दीपस्तंभासारखी दिसता कामा नये. आत्ता दोन्ही म्हणजे उंच, निमुळती, राखाडी रेघ. मला स्वतःला फोटोत तीनदा चकवा बसला.

रंगांच्या बाबतीत तुमच्याकडे दोन गुंते एकत्र आलेत. पहिला वहीतच आहे: हिरवा म्हणजे तेल आणि हिरवा म्हणजे एक भिडूसुद्धा. लाल म्हणजे कापड आणि लाल भिडूही. एका रंगाला एकच अर्थ ठेवा. भिडूंना लाल, निळा, पिवळा, पांढरा द्या आणि मालाचा रंग त्या चौघांच्या बाहेरचा निवडा. किंवा त्याहून बरं, मालाला आकार द्या: लाकडासाठी आडवा ओंडका, तेलासाठी उभं पिंप, कापडासाठी चपटा गठ्ठा, कोळशासाठी ठोकळा. मग रंग नुसता सोबतीला राहील.

दुसरा गुंता वहीत नाही, कारण ज्याला तो होतो तो बऱ्याचदा बोलत नाही. लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणं ही दुर्मीळ गोष्ट नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे, बायकांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास. इतर लोकसमूहांत ते कमी-जास्त असतं, पण खेळायला बसलेल्या चार-चौघांत असा एखादा असणं अगदी शक्य आहे. २००४ च्या 'टिकट टू राइड' मध्ये गाडीच्या प्रत्येक रंगाच्या कार्डाला स्वतःचं चिन्ह आहे आणि पटावरच्या मार्गांवरही तेच. 'अझूल' मध्ये काही फरशांवर रंगासोबत नक्षीही आहे. अशा खेळांत रंग न ओळखणाऱ्याला कोणाला काही सांगत बसावं लागत नाही. तो येतो आणि खेळतो. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. तुमच्या सगळ्या सामानाचा एक फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. त्यात जे दोन ठोकळे सारखे दिसतील, ते आधी बदला.

धक्क्याच्या भाड्याचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. इथे भिडू काही शोधत नाही, त्याला आठवतच नाही. फेरी संपली की माणसाचं लक्ष पुढच्या फेरीवर जातं, आणि तुमचं भाडं नेमकं या दोन फेऱ्यांच्या फटीत आहे. पुस्तिकेत ते ठळक छापून उपयोग नाही, पाटीवर 'विसरू नका' लिहून तर अजिबातच नाही. जी वस्तू भिडू हमखास हाताळणार आहे, तिच्या वाटेत भाडं आणून ठेवा. तुमच्याकडे पहिल्या भिडूचं निशाण म्हणून दीपस्तंभ आहे, तो दर फेरीला पुढे सरकतो आणि त्याला कोणी विसरत नाही, कारण त्याशिवाय पुढची फेरी सुरूच होत नाही. पटावर दीपस्तंभाची एक जागा करा, आणि नाणी टाकायचा खळगा त्याला लागूनच ठेवा. दीपस्तंभ घ्यायला हात गेला की खळगा दिसणारच. रिकामा दिसला, तर चौघांपैकी कोणीतरी बोलेलच.

एवढं करूनही विसर पडत राहिला, तर भाडं ठेवायचंच का ते बघा. मी माझ्या खेळांतून असे दोन नियम काढून टाकले. दोन्ही वेळा वाईट वाटलं, आणि दोन्ही वेळा नंतर खेळलेल्या कोणाच्याही लक्षात आलं नाही की काही गेलंय. तुमच्या खेळात भाड्याचं काम एकच दिसतं: जहाज उगीच अडकवून ठेवू नये. ते काम दुसरी एखादी गोष्ट करत असेल, तर भाडं जाऊ द्या.

हे सगळं बदलताना संगणकाच्या पडद्यावर फार काळ रमू नका. पडद्यावर सगळं समोरून, सरळ आणि हवं तितकं मोठं दिसतं. टेबलावरचा पट मात्र तिरका दिसतो, आणि निम्म्या भिडूंना उलटा. गो या खेळाचा जपानी पट चौरस नसतो. तो साधारण ४२.४ सेंटिमीटर रुंद आणि ४५.५ सेंटिमीटर लांब असतो, कारण बसलेल्या माणसाच्या नजरेला लांबी आखडून दिसते आणि मग पट चौरस भासतो. पांढरी वस्तू काळीपेक्षा मोठी वाटते, म्हणून काळे खडे किंचित मोठे करतात: काळा सुमारे २२.२ मिलिमीटर, पांढरा २१.९. तीन दशांश मिलिमीटरची ती काळजी मला दर वेळी हात जोडायला लावते. तुम्हाला इतकं बारीक जायची गरज नाही. खऱ्या मापात छापा, कात्रीनं कापा, टेबलावर मांडा आणि उठून समोरच्या खुर्चीवर जाऊन बसा. पुष्कळ काही तिथूनच दिसेल.

चाचणीचा डाव कसा घ्यायचा, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. माणसं नवी घ्या. जी चार डाव खेळली आहेत त्यांना आता तुमची क्रेन क्रेनच दिसणार. पुस्तिका बाजूला ठेवा, नुसतं सामान मांडा आणि विचारा: 'हे काय असेल? याचं काय करायचं असेल?' त्यांचा अंदाज चुकला तरी दुरुस्त करू नका, लिहून घ्या. कोणी पिंप नाण्यांच्या खळग्यात टाकलं, तर तो खळगा गोदामासारखा दिसतोय. मग डाव सुरू करा आणि गप्प बसा. हे फार जड जातं, तोंडाशी आलेलं उत्तर गिळावं लागतं. पण तुम्ही एकदा उत्तर दिलंत की ती वस्तू बोलते की नाही हे कधीच कळणार नाही, कारण तिच्या वतीनं तुम्ही बोललात. प्रश्नांसोबत हातही टिपा: कुठला हात हवेत थांबला, कुठलं कार्ड तीनदा उचललं गेलं, कुठला ठोकळा ठेवून परत घेतला. बिचकलेला माणूस नेहमी विचारत नाही. तो गुपचूप चुकीचं खेळतो आणि घरी जातो.

आणि सगळं एका दमात बदलू नका. पुढच्या डावाला फक्त गोदामाच्या ओळी आणि कार्डाचा कोपरा. चिकटपट्टी, पेन्सिल आणि पुठ्ठा पुरेसा आहे, चित्रकाराकडे आत्ता जाऊ नका. त्यानंतर आकार आणि चिन्हं. पुस्तिकेला सगळ्यात शेवटी हात लावा: गोदामाचं दीड पान, चिन्हांचा तक्ता आणि 'वारंवार होणाऱ्या चुका' ही तीन पानं तोवर बहुतेक निकामी झालेली असतील. मग व्हिडिओ करावासा वाटला तर जरूर करा.

वही मात्र चालू ठेवा. पुढच्या डावात "गोदामात किती माल मावतो?" हा प्रश्न कितीदा आला ते मला कळवा.